संदर्भ विभाग सुटला तेव्हा

बावीस वर्षं मी एका महाविद्यालयात संदर्भ ग्रंथपाल होते. मग एका जूनमध्ये वरून निरोप आला, 'संदर्भ आता मुलं मोबाईलवर बघतात, तुम्ही देवघेवीच्या काउंटरवर बसा.' नोकरी तशी गेली नव्हती. दोन महिने तारखेचे शिक्के मारले आणि राजीनामा दिला. घरचे म्हणाले, पन्नाशीला एवढी कसली घाई? पुढचं वर्षभर ते मला अधूनमधून पटत होतं.

शाळांमध्ये पगार निम्म्याहून कमी, वर तासही घ्यायचे. गोव्यातच वेर्ण्याच्या एका औषध कंपनीत डॉक्युमेंटेशनची जागा होती. कागदपत्रांना आवृत्ती क्रमांक द्यायचे, जुनी प्रत मागे घेतल्याची नोंद ठेवायची, तपासणीला माणूस आला की मागेल तो कागद काढून द्यायचा. हे तर मी जन्मभर केलेलं! पण मुलाखतीत 'जीएमपी' म्हणजे काय विचारलं आणि मी गप्प. औषधनिर्मितीचे ते नियम घरी येऊन वाचले, तोवर जागा भरली होती. बायोडेटात मी 'संदर्भ सेवा, २२ वर्षं' एवढंच लिहिलं होतं. ग्रंथालयाबाहेरच्या माणसाला त्यातून काय कळणार?

वाट सापडली ती शेजारच्या काकांमुळे. एका संध्याकाळी आले. 'बाय, पोर्तुगीज शब्दकोश आसा गो तुजेकडेन?'

'आसा. पूण कित्याक जाय, काका?'

कशाला हवं, हे विचारायची सवय जात नाही. माणूस पुस्तक मागतो तेव्हा त्याला बहुतेक वेळा दुसरंच काही हवं असतं. चहा होईपर्यंत पिशवीतून आजोबांच्या जमिनीचा १९३८ चा कागद निघाला. १९६८ च्या महसूल संहितेनंतर झालेल्या मोजणीतून आलेला एक-चौदाचा, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा, उताराही होता. एकावर आजोबा 'पोरोबो', दुसऱ्यावर 'प्रभू'. वकील म्हणत होता, माणूस एकच हे दाखवा. शब्दकोशाचा इथे काडीचा उपयोग नव्हता.

पोर्तुगीज कारकुनाने कानाला येईल तसं लिहिलेलं. 'श' साठी एक्स, कामताचा 'कामोतीं'. ग्रंथालयात एकाच लेखकाची निरनिराळी नावं आपण एका नोंदीखाली आणतो, तसाच तक्ता मी वहीत केला: नाव, बापाचं नाव, गाव, साल, कागद कुठला. पणजीत पाटोच्या मध्यवर्ती ग्रंथालयात (१८३२ सालचं!) आणि पुराभिलेख खात्यात मिळून पाच खेपा झाल्या. जन्मनोंदीत बापाचं नाव जुळलं तेव्हा कुठे साखळी लागली.

तक्ता बघून वकिलांनी विचारलं, 'फी किती?' मी चक्क लाजले. बावीस वर्षं उत्तरं फुकट दिलेली! काहीतरी आकडा बोलले, तो फारच कमी होता हे त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं. आता फाईल बघून आधी तास मोजते, निम्मे पैसे आगाऊ घेते, आणि कागद सापडेलच असा शब्द कुणाला देत नाही. कायद्याचा अर्थ लावायचा तो वकिलांनी, मी कागद शोधून देते.

सध्या फोंड्याचे दोन आणि म्हापशाचे एक वकील काम देतात. जुन्या पगाराची बरोबरी अजून झालेली नाही. पोर्तुगीज छापील वाचता येतं, हाताने लिहिलेलं अडतं, म्हणून आठवड्यातून दोनदा बसने पणजीला क्लासला जाते. वर्गातली निम्मी पोरं पोर्तुगालला जायच्या तयारीत. मी १९३८ च्या कारकुनाचं अक्षर लागावं म्हणून आलेय, हे सांगितलं तेव्हा बाकावरची मुलगी एवढी हसली की बाईंनी आम्हा दोघींनाही पोर्तुगीजमध्ये झापलं.