उचलून नेलं तर काय बिघडतं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी व्हीलचेअरवर असते. भिशीत, लग्नात, रिक्षात, सगळीकडे हेच: "चार पोरं उचलून वर नेतात की, मग रॅम्पचा एवढा हट्ट कशाला?" कोल्हापूर तालमींचं गाव, उचलणाऱ्यांची वानवा नाही, कबूल.

आई गेल्यावर वारसनोंदीसाठी एका कचेरीत गेले होते. तीन पायऱ्या, बाजूला रॅम्प, त्यावर दोन मोटारसायकली. त्या हलवून घेतल्या. तीन पायऱ्या म्हणजे साधारण 45 सेंटिमीटर चढ. 1:12 च्या, म्हणजे एक फूट चढाला बारा फूट लांबी या हिशेबाने रॅम्प जवळपास साडेपाच मीटर हवा. हा जेमतेम सहा फुटांचा. अर्ध्यावर पुढची चाकं हवेत, खुर्ची मागे कलंडायला लागली. "ताई, घाबरू नगासा, आमी हाय की!" चौघे धावले. एकाने खुर्चीचा हात धरला. तो निघणारा असतो, त्या बिचाऱ्याला काय ठाऊक? हात उपसून आला, तसा त्याने सरळ माझ्या काखेत हात घातला. पदर पिनेसकट खाली. फाईल पायऱ्यांवर पसरली, आईच्या मृत्यूच्या दाखल्यावर कुणाची तरी चप्पल. आणि वर पोचल्यावर मी काय म्हणाले? "थँक्यू हं दादा, तुम्हाला उगाच त्रास." वर हसलेसुद्धा.

माणसं चांगलीच होती. तोच तर घोळ आहे, रागवायचं कुणावर?

2016 च्या दिव्यांग कायद्याने जुन्या सार्वजनिक इमारतींना आमच्यासाठी सोयीच्या व्हायला नियम आल्यापासून पाच वर्षं दिली. नियम जून 2017 चे. म्हणजे मुदत 2022 लाच संपली. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सुनावलं, नुसत्या शिफारशी पुरे झाल्या, आता बंधनकारक मानकं करा. हे सगळं मला पाठ आहे. पाठ असून उपयोग काय, असं तुम्ही म्हणण्याआधी मीच म्हणते.

कॉलेजात वर्ग दुसऱ्या मजल्यावर होता. मैत्रिणी उचलायच्या, म्हणून मी सकाळपासून पाणी प्यायचे नाही, आणि वर सांगायचे, "आपल्यापायी कुणाला त्रास नको." त्या मुलीला आज खडसवावंसं वाटतं. पण ती विचारेल, तू तरी काय केलंस?

पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांच्या नावे तक्रार लिहून ठेवलीय. पाठवलेली नाही, कारण नोंद अजून त्याच कचेरीत अडकलीय. मंगळवारी परत बोलावलंय. या खेपेला साडी नाही, पंजाबी ड्रेस.