आयनोडच्या आधी मोकळी झालेली स्ट्रिंग

तक्रार एका ओळीची होती: ‘करंट’ ही लिंक उघडली की कधी कधी दुसऱ्याच ग्राहकाची कॉन्फिग फाइल हातात येते. कधी कधी म्हणजे आठवड्यातून एकदा-दोनदा, आणि तेही फक्त व्हर्च्युअल मशीनवर. फाइल सिस्टीम आमच्या घरची, लिनक्सच्या मुख्य झाडात, म्हणजे अधिकृत सोर्स कोडमध्ये, नसलेली. तिचं मॉड्यूल, म्हणजे कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) जोडला जाणारा कोड, मूळचं ३.एक्स कर्नलच्या काळातलं, पुढे आवृत्तीमागून आवृत्ती चढवत ५.१० पर्यंत आणलेलं. चुकीची फाइल उघडली जाणं हे मी क्रॅशपेक्षा वाईट मानतो. क्रॅश निदान कळतो. इथे कोणतीही एरर न येता परक्याची फाइल वाचली जात होती आणि काम पुढे चाललं होतं.

रचना साधी होती. प्रत्येक ग्राहकाच्या डिरेक्टरीत ‘करंट’ नावाची सिमलिंक (दुसऱ्या ठिकाणचा मार्ग साठवणारी फाइल), तिच्यात चालू रिलीजचा मुळापासूनचा पूर्ण मार्ग. नवं रिलीज आलं की तात्पुरत्या नावाने नवी सिमलिंक बनवायची आणि रीनेम करून ती ‘करंट’वर बसवायची. रीनेम अखंड होतो, त्यामुळे वाचणाऱ्याला जुनी किंवा नवी, यांपैकीच एक लिंक दिसायला हवी. डिस्कवरच्या सगळ्या लिंक्स बरोबर निघाल्या, डिस्क तपासणाऱ्या एफएससीकेलाही काही सापडलं नाही. म्हणजे गडबड मेमरीत होती.

आधी स्लबचं (कर्नलमधल्या मेमरी वाटणाऱ्या भागाचं) डीबगिंग चालू केलं: बूट ओळीत स्लब-डीबग, पर्याय एफ, झेड, पी आणि यू. यातल्या ‘पी’मुळे मोकळा झालेला प्रत्येक तुकडा हेक्स ६बी या बाइटने भरला जातो (यालाच विष भरणं म्हणतात) आणि शेवटचा बाइट ए५ होतो. कोणी मोकळी मेमरी वाचली तर हा ठसा कुठेतरी दिसेल, अशी अपेक्षा. दिसलं काहीच नाही, उलट तक्रारच थांबली. इथे बरेच जण ‘टायमिंग बदललं’ म्हणून पुढे जातात. कारण वेगळं होतं, त्याकडे येतोच.

मग कासान, म्हणजे मेमरीचा चुकीचा वापर पकडणारं साधन, घातलेला कर्नल बांधला. कासान दर ८ बाइटांमागे १ बाइट सावलीत, म्हणजे त्यांच्या स्थितीच्या नोंदीत, ठेवतो, म्हणजे मेमरीचा आठवा हिस्सा त्यालाच लागतो, हे व्हर्च्युअल मशीनला मेमरी देताना धरावं लागतं. नुसता भार देऊन वाट पाहण्यात अर्थ नव्हता, चूक घडू शकते ती वेळेची खिडकीच रुंद करायला हवी होती. फाइलचा मार्ग चालणाऱ्या कोडमध्ये पिक_लिंक हे फंक्शन आयनोडमधला (फाइलबद्दलच्या कर्नलच्या नोंदीतला) आय_लिंक हा पॉइंटर, म्हणजे लिंकमधला मार्ग ज्या स्ट्रिंगमध्ये आहे तिचा पत्ता, वाचतं आणि लगेच त्या स्ट्रिंगचा पहिला बाइट तपासतं. या दोहोंच्या मध्ये २ मिलिसेकंदांचा एमडिले टाकला, तोही फक्त आमच्या फाइल सिस्टीमसाठी. एमडिले झोपत नाही, जागेवर फिरत राहतो. आरसीयूच्या (कुलूप न लावता वाचू देणाऱ्या कर्नलच्या यंत्रणेच्या) आत झोपायला मनाई आहे, म्हणून एमस्लीप इथे चालत नाही. दोन प्रोसेस लिंक अदलाबदल करत होत्या, चार प्रोसेस त्याच लिंकमधून स्टॅट करत (फाइलची माहिती मागत) होत्या.

पहिल्या मिनिटातच रिपोर्ट आला: यूज-आफ्टर-फ्री (मोकळी केलेली मेमरी वापरणं), १ बाइटाचं वाचन, केमॅलॉकने मेमरी वाटायच्या ३२ बाइटांच्या खणात. सावलीचे चार बाइट एफए, एफबी, एफबी, एफबी, म्हणजे अख्खा तुकडा मोकळा केलेला. मोकळं करणाऱ्याचा स्टॅक (कोणी कोणाला बोलावलं त्या फंक्शन्सची यादी) खालून वर वाचला: रीनेम, डीपुट, आयपुट, इव्हिक्ट, आयनोड मेमरीतून काढताना चालणारं आमचं इव्हिक्ट_आयनोड, आणि शेवटी मेमरी मोकळी करणारं केफ्री. कासान वापरणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नावाचा हॅश (शोधण्यासाठीचा आकडा) काढताना कर्नल एका वेळी ८ बाइट वाचतो, आणि एक्स८६ वर ते वाचन इनलाइन असेम्ब्लीत आहे. कासान असेम्ब्लीत डोकावत नाही. आजूबाजूच्या सी भाषेतल्या कोडमध्ये एकेका बाइटाची तपासणी आहे म्हणून हा बग पकडला गेला.

आता मूळ कारण. मार्ग चालताना कर्नल आधी आरसीयू-वॉक वापरतो. त्यात डेन्ट्रीवर (नावाला आयनोडशी जोडणाऱ्या कॅशमधल्या नोंदीवर) किंवा आयनोडवर संदर्भाची मोजणी, म्हणजे किती जण ते वापरताहेत हा आकडा, वाढवत नाहीत, फक्त सीक्वेन्स क्रमांक (नोंद बदलली की बदलणारा आकडा) तपासत पुढे जातात. हे तंत्र २०११ मध्ये २.६.३८ मध्ये आलं. पण तेव्हा वाटेत सिमलिंक लागली की आरसीयू-वॉक सोडून देत आणि रीतसर संदर्भ घेऊनच लिंक वाचत. २०१५ मध्ये ४.२ आल्यावर सिमलिंकसुद्धा आरसीयूतच चालू लागल्या, आणि आयनोडमध्ये आय_लिंक आलं. आमचं मॉड्यूल लिहिलं गेलं तेव्हा इव्हिक्टमध्ये स्ट्रिंग मोकळी करणं बरोबरच होतं, कारण संदर्भ संपल्यावर ती वाचणारं कोणी उरतच नव्हतं. ४.२ नंतर संदर्भ न घेता वाचणारे आले. आयनोडची मेमरी आरसीयूची मुदत (आधीपासून वाचणारे सगळे बाहेर पडेपर्यंतचा काळ) संपेपर्यंत राहत होती, स्ट्रिंगची मात्र लगेच जात होती. चढवताना कोणीतरी जुना पॉइंटर आय_लिंकमध्ये नेऊन बसवला, कंपाइल झालं, चाचण्या पास झाल्या.

व्हर्च्युअल मशीनवरच का? आमचा कर्नल प्रीएम्प्ट नसलेला, म्हणजे कर्नलमधलं चालू काम मध्येच तोडून दुसरं सुरू न करणारा. खऱ्या यंत्रावर पॉइंटर वाचणं आणि स्ट्रिंग वाचून संपणं यांत मायक्रोसेकंदही जात नाही. व्हर्च्युअल मशीनमध्ये नेमक्या त्याच जागी हायपरव्हायझर (व्हर्च्युअल मशीन्स चालवणारा प्रोग्राम) व्हर्च्युअल कोअर बाजूला काढून ठेवतो आणि कित्येक मिलिसेकंदांनी परत आणतो. तेवढ्यात दुसऱ्या कोअरवर रीनेम, केफ्री आणि नवं वाटप सगळं उरकतं.

दुसऱ्याच ग्राहकाची फाइल का? स्क्रिप्ट एका लूपमध्ये सगळ्या ग्राहकांचं रिलीज बदलत होती. मार्ग १७ ते ३२ बाइटांच्या दरम्यान असल्याने सगळे एकाच आकाराच्या खणात. स्लब त्या कोअरवर शेवटी मोकळा झालेला तुकडा सहसा सगळ्यात आधी परत देतो. पहिल्या ग्राहकाची जुनी स्ट्रिंग गेली की पुढच्या ग्राहकाची नवी सिमलिंक त्याच जागेत जाऊन बसायची. सेवा सगळ्यांसाठी एकाच युजरखाली चालत असल्याने परवानगीही आड आली नाही.

आणि विष भरल्यावर तक्रार का थांबली, ते इथे कळतं. वाचलेल्या नावाची डेन्ट्री कॅशमध्ये नसेल तर व्हीएफएस (सगळ्या फाइल सिस्टीमच्या वरचा कर्नलचा समान थर) आरसीयू सोडून संदर्भ घेऊ पाहतो. तेव्हा वाटेतल्या लिंकचा सीक्वेन्स बदललेला सापडतो, आणि सगळा मार्ग पहिल्यापासून, संदर्भांसह, पुन्हा चालला जातो. ६बी म्हणजे आस्कीतलं रोमन ‘के’. अशा ‘के’च्या लांबलचक माळेच्या नावाची फाइल कॅशमध्ये असणारच नाही, त्यामुळे दर वेळी फेरी पुन्हा होऊन उत्तर बरोबर यायचं. चूक दिसायला मोकळ्या जागेत कॅशमध्ये पूर्ण भरलेला, खरा मार्गच यावा लागत होता. कासानवरही चुकीची फाइल कधी उघडली नाही, कारण तो मोकळे तुकडे क्वारंटाइनमध्ये अडकवून ठेवतो. पण तो वाचन टिपतो, एवढं आम्हाला पुरेसं होतं.

दुरुस्ती ओळींत मोजायची तर छोटी. याच जातीच्या चुका जेएफएफएस२, युबीआयएफएस, डीबगएफएस अशा मुख्य झाडातल्या फाइल सिस्टीममध्येही होत्या. २०१९ मध्ये त्या सुधारल्या गेल्या आणि ५.२ मध्ये फ्री_आयनोड ही नवी पद्धत आली. आरसीयूची मुदत संपल्यावरच कर्नल तिला हाक मारतो. आम्ही केफ्री इव्हिक्टमधून काढून तिथे नेला. आयनोडची कॅशमधली पानं सोडणं आणि क्लिअर_आयनोड इव्हिक्टमध्येच राहिलं. इव्हिक्टमध्येच सिंक्रोनाइझ_आरसीयू करून, म्हणजे मुदत संपेपर्यंत, थांबावं, अशी एक सूचना आली होती. ती मी मान्य केली नाही: प्रत्येक सिमलिंकमागे काही मिलिसेकंद, आणि हजारो लिंक्स असलेलं झाड पुसायला घेतलं की यंत्र बसतं.

पहिला पॅच मात्र बूट होताच कोसळला. आय_लिंक ही जागा युनियनमध्ये (एकाच जागेत वेगवेगळ्या गोष्टी ठेवणाऱ्या रचनेत) आहे: पाइपसाठी, कॅरेक्टर डिव्हाइससाठी तिथे वेगळा पॉइंटर असतो, आणि डिरेक्टरीसाठी एक साधा मोजणीचा आकडा. आम्ही आयनोडचा प्रकार न पाहता केफ्री करत होतो, त्यामुळे डिरेक्टरीचा तो आकडा पत्ता समजून मोकळा करायला निघालो. आयनोड सिमलिंक आहे का, ही अट घातल्यावर ते थांबलं. स्ट्रिंगचा पॉइंटर स्वतःच्या स्ट्रक्चरमध्ये ठेवत असाल तर वेगळी काळजी: स्लबचा कन्स्ट्रक्टर (सुरुवातीच्या किमती भरणारं फंक्शन) तुकड्यांचा गठ्ठा नव्याने बनतो तेव्हाच चालतो, प्रत्येक वाटपाला नाही. म्हणून अलॉक_आयनोडमध्ये (आयनोडला मेमरी देणाऱ्या फंक्शनमध्ये) तो पॉइंटर दर वेळी नल, म्हणजे रिकामा, करावा लागतो, नाहीतर अर्धवट बनलेला आयनोड सोडताना मागच्या मालकाची स्ट्रिंग दुसऱ्यांदा मोकळी होते. फ्री_आयनोड सॉफ्टआयआरक्यूमध्ये (झोपता न येणाऱ्या इंटरप्टच्या कामात) चालू शकतं, त्यामुळे तिथे म्युटेक्सचं कुलूप नको, झोपणारं काहीच नको. आणि मॉड्यूल काढताना आयनोडची कॅश मोडण्याआधी आरसीयू_बॅरियर (रांगेतले आरसीयूचे कॉलबॅक संपेपर्यंत थांबणं) हवाच, कारण रांगेत उरलेले कॉलबॅक नंतर मोडलेल्या कॅशमध्येच तुकडे परत करू पाहतात.

एमडिले तसाच ठेवून चाचणी रात्रभर चालवली. कासान गप्प राहिला. दुसऱ्या दिवशी मॉड्यूलमधली आरसीयू-वॉकमध्ये धावणारी बाकीची फंक्शन्स काढून बसलो: परवानगी तपासणारं, डेन्ट्री पुन्हा पडताळणारं, नावांचा हॅश आणि तुलना करणारं. कर्नलच्या डॉक्युमेंटेशनमध्ये फाइल सिस्टीमच्या विभागात पोर्टिंग नावाची फाइल आहे, नियम कधी आणि कसे बदलले ते तिथे ओळीने नोंदलेलं असतं. ती ४.२ पासून खाली वाचत, एकेका नोंदीला आमचा कोड लावून पाहिला. तुलनेच्या फंक्शनशी थांबलो. लहान-मोठी अक्षरं सारखी मानण्याचा तक्ता सुपरब्लॉकला (माउंट केलेल्या अख्ख्या फाइल सिस्टीमच्या नोंदीला) लटकवलेला होता, आणि अनमाउंटच्या वेळी पुट_सुपरमध्ये लगेच मोकळा होत होता. हीच चूक, फक्त आयनोडऐवजी सुपरब्लॉकवर. एक्सफॅट आणि एचएफएस-प्लसमध्ये तिची दुरुस्ती २०२४ मध्ये झाली आहे. आम्ही तो तक्ता आणि आमची सुपरब्लॉकची माहिती एकाच कॉल_आरसीयूच्या (मुदत संपल्यावर काम करवणाऱ्या फंक्शनच्या) मागे टाकली, आणि दोन पॅच एकत्र पुढच्या बिल्डला गेले.