अपग्रेड अर्ध्यावरून मागे फिरतं तेव्हा

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे विंडोज ११ कडे जाणं आता फार लांबवता येत नाही. त्यातलं सगळ्यात वैतागवाणं दुखणं म्हणजे मशीन दोन-तीनदा रीस्टार्ट होतं, पुन्हा जुनी विंडोज समोर येते आणि सोबत एक एरर कोड मिळतो. अशा वेळी तो कोड न वाचताच पुन्हा अपग्रेडचं बटण दाबू नका. बिघाडाचं मूळ जागचं हललेलं नसतं, त्यामुळे तासाभराने परत तिथेच याल.

कोडचे बहुतेक वेळा दोन भाग असतात. 'शून्य एक्स' सोडून द्या. पहिला भाग काय बिघडलं ते सांगतो आणि डॅशनंतरचा भाग कुठे बिघडलं ते. दुसरा भाग पाच अंकी असेल, तर त्याचा पहिला अंक पाहा. १ म्हणजे जुनी विंडोज चालू असतानाच काम अडलं. २ म्हणजे पहिल्या रीस्टार्टनंतरच्या तात्पुरत्या रिकव्हरी वातावरणात, ३ म्हणजे नव्या विंडोजच्या पहिल्या बूटमध्ये आणि ४ म्हणजे दुसऱ्या बूटमध्ये. कोडच्या शेवटी २००१७ असेल तर तात्पुरतं वातावरण बूटच झालेलं नाही. तेव्हा अपग्रेडची फाइल पुन्हा डाउनलोड करून काही साधणार नाही.

सी१९००१०१ हा कोड सर्वांत जास्त भेटतो आणि त्याच्या मुळाशी बहुधा एखादा ड्रायव्हर, म्हणजे हार्डवेअरशी बोलणारं छोटं सॉफ्टवेअर, असतो. कीबोर्ड, माउस आणि मॉनिटर सोडून प्रिंटर, डॉक, बाहेरची हार्ड डिस्क, कार्ड रीडर सगळं काढा. बाहेरचा अँटिव्हायरस आणि व्हीपीएन अनइन्स्टॉल करा. नुसतं 'डिसेबल' करून भागत नाही, कारण त्याने वरचं संरक्षण थांबतं, पण विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, बसलेला त्याचा ड्रायव्हर बूटच्या वेळी लोड होतच राहतो. मग स्टोरेज कंट्रोलर, चिपसेट आणि ग्राफिक्सचे ड्रायव्हर व बायॉस (मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) निर्मात्याच्या साइटवरून अद्ययावत करा. सी ड्राइव्हवर निदान २० जीबी मोकळी जागा ठेवा.

सी१९००२०८ म्हणजे एखादं विसंगत ॲप वाटेत आहे. त्याचं नाव सेटअप आपले लॉग जिथे ठेवतं त्या पँथर फोल्डरमधल्या 'कॉम्पॅटडेटा'ने सुरू होणाऱ्या एक्सएमएल फाइलमध्ये शोधा. २०० वर संपणारा त्याचा भाऊ वेगळा: तिथे मशीनच किमान अटींत बसत नाही.

'सिस्टिम रिझर्व्ह्ड पार्टिशन अपडेट करता आलं नाही' हा संदेश फसवा आहे. सी ड्राइव्ह निम्मा रिकामा असला तरी तो येतो, कारण जागा संपलेली असते ती बूटच्या छोट्या, अनेकदा जेमतेम १०० एमबीच्या, लपलेल्या पार्टिशनमध्ये. डिस्क जीपीटी (पार्टिशनची नोंद ठेवण्याची नवी पद्धत) असेल तर ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये 'माउंटव्हॉल' लिहा, पुढे वाय आणि कोलन, मग स्लॅश एस. पार्टिशन वाय नावाने उघडेल. त्यातल्या ईएफआय, मायक्रोसॉफ्ट, बूट या वाटेने फॉन्ट्स फोल्डरमध्ये जा आणि तिथल्याच फाइली काढा. या पार्टिशनमधल्या बाकी कशालाही हात लावू नका, नाहीतर मशीन बूटच होणार नाही.

टीपीएम २.० (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची चिप) नाही असं सांगितलं म्हणून लगेच नवं मशीन घ्यायला धावू नका. रनमध्ये 'टीपीएम डॉट एमएससी' उघडा. चिप सापडली नाही असं दिसलं तरी बऱ्याचदा ती बायॉसमध्ये फक्त बंद असते. तिथे तिचं नाव इंटेलमध्ये पीटीटी, एएमडीमध्ये एफटीपीएम असं असतं. मात्र बायॉसला हात लावण्याआधी बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारं विंडोजचं एन्क्रिप्शन) 'सस्पेंड' करा आणि ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. हे विसरलात आणि कीही हाताशी नसली, तर तुमचीच डिस्क तुम्हाला उघडता येणार नाही. सगळ्या उपायांमध्ये खरा धोका इथेच आहे.

विंडोज ११ ला यूईएफआय (बायॉसची नवी पद्धत) लागते आणि त्यासाठी डिस्क जीपीटी हवी. ती जुन्या एमबीआर पद्धतीची असेल तर 'एमबीआरटूजीपीटी' हे विंडोजमधलंच साधन ती फॉरमॅट न करता बदलतं. आधी 'व्हॅलिडेट' चालवा. डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन असतील तर ते तिथेच नकार देईल, कारण ईएफआय पार्टिशनला जागा हवी असते. बॅकअप घेऊन मगच 'कन्व्हर्ट'. त्यानंतर बायॉसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करण्याची सोय) बंद करून यूईएफआय निवडा. ते राहिलं तर विंडोज बूट होणार नाही. सिक्युअर बूट (फक्त विश्वासार्ह सॉफ्टवेअरलाच बूट होऊ देणारी सोय) सगळ्यात शेवटी चालू करा.

सिस्टिम फाइली बिघडल्याचा संशय असेल तर ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये विंडोजची दोन दुरुस्तीची साधनं चालवा: आधी डीआयएसएमचं 'रिस्टोअरहेल्थ', मग एसएफसीचं 'स्कॅननाऊ'. उलट क्रम नको: एसएफसी ज्या साठ्यातून चांगल्या फाइली उचलतं, तो साठाच डीआयएसएम दुरुस्त करतं.

कोडवरून काही उमगलं नाही तर विंडोज फोल्डरमधल्या 'लॉग्ज'मध्ये 'सेटअपडायग' पाहा. अपग्रेड फसलं की हे साधन स्वतःच लॉग वाचून निष्कर्ष लिहून ठेवतं. हजारो ओळींच्या लॉगमध्ये शिरण्याआधी हीच फाइल उघडा.

अपग्रेड पार पडलं तरी जुन्या विंडोजचं फोल्डर लगेच पुसू नका. १० दिवस मागे जाता येतं, आणि त्या १० दिवसांतच डीआयएसएमच्या 'सेट ओएस अनइन्स्टॉल विंडो' या पर्यायाने मुदत ६० दिवसांपर्यंत वाढवता येते.