शिसं सुटलं, सवय सुटेना

भोसरीतल्या आमच्या छोट्या युनिटमध्ये सर्किट बोर्डांवर सुटे भाग जोडायला वीस वर्षं ६३/३७ चं सोल्डर वापरलं, म्हणजे ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसं असलेला डाखाचा धातू. १८३ अंशाला असं झटकन वितळायचं की हात आपोआप चालायचा. मग जर्मनीची ऑर्डर आली. युरोपात २००६ पासून इलेक्ट्रॉनिक्समधल्या शिशावर बंधन, म्हणजे बिनशिशाचं सोल्डर आलंच: कथील, ३ टक्के चांदी, अर्धा टक्का तांबं. चांदीमुळे भाव ऐकूनच घाम फुटला!

हे वितळतं २१७ च्या पुढे. पहिल्या आठवड्यात मी सोल्डरिंग गनचं तापमान सरळ ४२० वर नेलं. फ्लक्स (सोल्डर नीट धरायला मदत करणारं रसायन) जळाला, दोन पॅड (बोर्डावरचे तांब्याचे ठिपके) उखडले, बिट (गनचं टोक) काळी पडून सोल्डर धरेना. शेवटी ३६० वरच ठेवलं, पण बिट जाड, चपटी घेतली. बोर्डावरच्या ग्राउंडच्या मोठ्या तांब्याच्या भागाला खरी गरज जास्त तापमानाची नव्हे, उष्णता पोचण्याची होती.

बोर्ड तपासताना सुमनताईंनी पहिल्या दिवशी निम्मे बोर्ड बाजूला काढले. ‘‘दादा, सगळे ड्राय आहेत.’’ ड्राय म्हणजे सोल्डर नीट न धरलेले; तसे ते नव्हते. बिनशिशाचा जॉइंट मुळातच मंद, खरबरीत दिसतो. चकाकी बघायची सवय मोडायला त्यांना महिना लागला, मला जास्त.

जुन्या बोर्डांच्या दुरुस्तीसाठी शिशाचं रीळ अजून आहे. वेगळ्या टेबलावर, लाल चिकटपट्टी लावून.