लिंक रॉड बदलले, तरी टक वाजतंच

आवाजाची तक्रार घेऊन आलेलं गिऱ्हाईक आधी तोंडानं आवाज काढून दाखवतं. एका मावशींनी तर ‘ओट्यावरून लाटणं पडल्यासारखं’ असं सांगितलं होतं, आणि ते अगदी बरोबर निघालं. त्यामुळे मी कुणाला हसत नाही. फक्त आवाज कसा येतो यापेक्षा कधी येतो, हे जास्त विचारतो.

गेल्या पावसाळ्यात कोरेगावकडचे एक रिटायर्ड सर साताऱ्यात माझ्या गॅरेजला छोटी हॅचबॅक घेऊन आले. सोबत कॉलेजातला मुलगा. सरांनी आधी फाईल काढली. दुसऱ्या एका गॅरेजची बिलं तारखेप्रमाणे टाचलेली. दोन्ही लिंक रॉड (वळणावर गाडीचा कल आवरणाऱ्या दांडीचे जोड) नवे, डावा स्ट्रट माउंट (शॉक अब्सॉर्बरची वरची बैठक) नवा, पुढचे ब्रेक पॅड नवे, वर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं.

“मिस्त्री, एवढं करून ब्रेक मारला की टक. रिव्हर्स टाकून हलली की परत टक. आणि हायवेला गेलं की घूंऽऽ सुरू होतं, ते वेगळंच.”

“गाडी कुठं आदळली होती का, सर?”

“छे! मी चाळीसच्या वर जात नाही.”

मुलगा मोबाईलमध्ये बघत राहिला. मी पुन्हा विचारलं नाही. वडिलांसमोर कुठलं पोरगं तोंड उघडतं?

लिंक रॉड वाजतो तो खराब रस्त्यावर, एक चाक वर आणि एक खाली गेलं की. सपाट डांबरावर ब्रेक मारताना किंवा रिव्हर्सच्या पहिल्या झटक्याला टक येत असेल, तर चाकच पुढं-मागं सरकतंय. चाकाला पुढं-मागं धरून ठेवतो लोअर आर्म, आणि आर्मला धरतो त्याचा मागचा रबरी बुश. तिथं एकदा नजर टाकली असती, तर फाईल एवढी जाड झाली नसती. पण लिंक रॉड स्वस्त, बदलायला सोपा, म्हणून पहिला बळी त्याचाच.

सरांना शेजारी आणि मुलाला मागं बसवून मी गाडी आधी हायवेला लिंब खिंडीपर्यंत नेली. साठच्या पुढं घूं सुरू झालं. लेन बदलताना स्टेअरिंग जरा उजवीकडे दिलं की आवाज चढायचा, डावीकडे दिलं की बसायचा. उजव्या वळणाला वजन डाव्या चाकावर येतं, म्हणजे डावं हब बेअरिंग, चाक ज्यावर फिरतं ते. खात्रीसाठी यवतेश्वरच्या घाटात दोन वळणं घेतली, तिथंही तेच. फुल स्टेअरिंग मारून गोल फिरवली, तेव्हा कटकट आली नाही, म्हणजे इंजिनची ताकद चाकाला देणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट शाबूत होता. सपाटीला स्टेअरिंग सैल सोडलं तर गाडी हळूहळू डावीकडे चालली. हे सर बोललेच नव्हते. रोज थोडं उजवीकडे धरून चालवायची हाताला सवय झाली होती.

गॅरेजला आल्यावर लिफ्टवर घ्यायच्या आधी जमिनीवरच, स्टेअरिंग सरळ ठेवून, टेप लावला. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत, दोन्ही बाजूंनी. डावीकडचं अंतर सेंटीमीटरभर कमी भरलं. झिजून चाक मागं जात नाही, त्याला कुणीतरी ढकलावं लागतं.

गाडी वर घेतली. डाव्या रिमची बाहेरची कड घासलेली होती, पण घासणं तर निम्म्या गाड्यांना असतं. चाक हातानं फिरवत टॉर्च आतल्या बाजूला धरला, तर रिमची आतली कड एका जागी वाकलेली, आणि बरोबर त्याच ठिकाणी टायरच्या कुशीला सुपारीएवढा फुगवटा. आतले दोरे तुटल्याशिवाय टायर असा फुगत नाही. तो केव्हा फुटेल याचा नेम नाही, आणि पंक्चरवाल्याकडं त्याला इलाज नाही.

मी सरांना बोलावून बोट फुगवट्यावर ठेवायला लावलं. “हा चाळीसच्या आतला नाही, सर.”

आता मुलगा बोलला. पुण्याहून रात्री मित्रांबरोबर येताना, वाढे फाट्याजवळ सर्व्हिस रोडला उतरताना पावसात दुभाजकाची कडा दिसली नव्हती. गाडी चालत होती, बंपरला फार काही झालं नव्हतं, म्हणून घरी सांगितलं नाही. घूं आवाज नंतर कधीतरी सुरू झाला. ते साहजिकच आहे. दणका बसतो तेव्हा बेअरिंगचे बॉल रेसमध्ये, म्हणजे ते ज्या कड्यात फिरतात त्यात, बारीक खळ्या पाडतात, आणि त्या खळ्या झिजत झिजत मग गायला लागतात.

सर त्याच्याकडं बघत म्हणाले, “म्हणजे मी बिलं भरत होतो आणि तू शेजारी उभा राहून बघत होतास.”

त्याच्याकडं याचं उत्तर नव्हतं. मी पाना उचलला.

स्टेअरिंगकडून चाक वळवणाऱ्या टाय रॉडचे डावीकडचे आटे उजव्यापेक्षा बरेच जास्त बाहेर होते, आणि ते चकचकीत होते. अलाइनमेंटवाल्यानं तो रॉड फिरवून टो, म्हणजे चाकांची तोंडं किती आत-बाहेर वळलीत ते, जमवला, स्टेअरिंग सरळ केलं आणि गाडी दिली. त्याच्या स्क्रीनवर टो हिरवा झाला असणार. चाक मुळात मागं का गेलंय हे मशीन सांगत नाही, ते माणसानं विचारायचं असतं. टॉमी (लोखंडी पहार) घालून आर्म जरा दाबला, तर मागचा बुश तोंड उघडल्यासारखा फाटलेला. आर्म सोडून उजव्या बाजूच्या आर्मशेजारी ठेवला, तेव्हा त्याचा बाक लांबूनही दिसत होता. बॉल जॉइंट, टाय रॉड एंड हेही बघितलं. दुपारपर्यंत आर्म, बेअरिंग, टायर आणि रिम एवढं बसलं. टेप लावला, दोन्ही अंतरं सारखी. माझ्या हेल्परनं हात पुसले, त्याच्या मते काम संपलं होतं.

पण मशीनवर घेतली तर डावा कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, अर्ध्या अंशाच्या आसपास प्लसमध्ये (डोकं बाहेर) आणि उजवा जवळजवळ तेवढाच मायनसमध्ये. उजव्या चाकाला तर धक्काही लागला नव्हता. नुसता डावा चुकला असता, तर मी स्ट्रट किंवा नकल (हब ज्यात बसतो तो भाग) धरला असता. एक इकडं आणि दुसरा तेवढाच तिकडं म्हटल्यावर, दोन्ही आर्म ज्यावर बसतात ते क्रॉस मेंबरच आडवं सरकलं असणार. दुभाजकानं डावं चाक आत ढकललं, चाकानं आर्मला आणि आर्मनं मेंबरला. खालची टोकं उजवीकडे गेली की डाव्या चाकाचं डोकं बाहेर झुकतं आणि उजव्याचं आत.

पुन्हा खाली गेलो. क्रॉस मेंबरच्या बोल्टभोवती चिखल आणि गंज होता, तो कापडानं हलकेच पुसला, ब्रश लावला नाही. वॉशरच्या एका बाजूला पत्र्याची उघडी, पांढरी चंद्रकोर दिसली, चार-पाच मिलिमीटर रुंद. वॉशर पूर्वी तिथं होता, म्हणून तिथं गंज कमी. बाकीच्या बोल्टांनाही तशीच कोर, सगळ्या एकाच अंगाला. मला या धंद्यात असला पुरावा फार आवडतो. आवाज फसवतो, गिऱ्हाईक लपवतं, गंज मात्र खोटं बोलत नाही.

बोल्ट ढिले केले, जॅकवर मेंबर तोललं, टॉमीनं सरकवत चंद्रकोरी वॉशरखाली झाकल्या आणि टॉर्क रेंचनं आवळले. कॅम्बर दोन्हीकडे जागेवर आला. मग शेवटी टो.

आर्मच्या बुशचे बोल्ट मात्र मी गाडी वर असताना घट्ट केले नव्हते. चाकं लोंबकळत असताना ते आवळले, तर गाडी खाली आल्यावर रबर कायम पिळलेलं राहतं आणि नवा बुश लवकर फाटतो. म्हणून वजन चाकांवर आणून आवळायचे. घाईच्या गॅरेजात हे होत नाही, आणि मग ‘पार्ट डुप्लिकेट निघाला’ म्हणून कंपनीला शिव्या.

सरांनी इन्शुरन्सचं विचारलं. म्हटलं, धडकेनंतर लगेच कळवलं असतं तर बोलायला तोंड होतं. इतक्या उशिरा, मध्ये दुसऱ्यांनी पार्ट बदलल्यावर, सर्व्हेअरला काय दाखवणार? शिवाय साध्या पॉलिसीत टायर आणि रबरी पार्टांचे निम्मेच मिळतात. जुने लिंक रॉड खराब होते की नव्हते, हेही त्यांना जाणून घ्यायचं होतं. ते माझ्यापुढं आलेच नव्हते, मी काय सांगणार? एवढंच म्हणालो की यापुढं बदललेला प्रत्येक पार्ट मागून घ्या, गाडी तुमची तसा जुना पार्टही तुमचा.

संध्याकाळी त्याच रस्त्यानं ट्रायल घेतली. ब्रेकला टक नाही, रिव्हर्सला नाही, ऐंशीला फक्त टायरचा आणि वाऱ्याचा आवाज. स्टेअरिंग सोडलं तर गाडी सरळ. वाकलेला आर्म मी डिकीत टाकायला लागलो तर सर म्हणाले, “डिकीत नको, पुढं द्या.” तो त्यांनी मुलाच्या मांडीवर ठेवला आणि स्वतः स्टेअरिंगवर बसले.