तुम्ही विचारलंत म्हणून: ‘आमचं हे स्टार्टअपच ना?’

मी सांगलीत करसल्लागार आहे. नव्या धंद्याचे कागद घेऊन आलेली माणसं हमखास विचारतात, ‘साहेब, आमचं हे स्टार्टअपच म्हणायचं ना?’ मागच्या आठवड्यात मिरची कांडपाचं यंत्र घेतलेल्या एका ताईंनी विचारलं. घाईत मी ‘हो, तसंच’ म्हणालो आणि ते मनाला लागून राहिलं. म्हणून आज नीट सांगतो.

इंग्रजीत हा शब्द मुळात हिणवण्याचा. सोळाव्या शतकात ‘स्टार्ट-अप’ म्हणजे कालपरवा वर आलेला, आगापिछा नसलेला माणूस, आपल्याकडचा उपटसुंभ. शेक्सपिअरच्या, १६०० साली छापलेल्या ‘मच अडू अबाउट नथिंग’ या नाटकात डॉन जॉन तरुण क्लॉडिओवर जळतो आणि त्याला हाच शब्द वापरतो: माझा पाडाव झाला, नाव झालं ते या पोराचं! ‘स्टार्ट’चा जुना अर्थही सुरुवात नव्हे, एकदम उसळणं. ही उसळी ध्यानात ठेवा, पुढचं सगळं तिच्यावर आहे.

धंद्याच्या अर्थाने हा शब्द १९७० च्या दशकात छापून येऊ लागला. १९७६ च्या ‘फोर्ब्स’ या अमेरिकी नियतकालिकात तो सापडतो. त्याआधी कॅलिफोर्नियात बरंच घडून गेलं होतं. १९५७ साली आठ जण विल्यम शॉक्ली या शास्त्रज्ञाची कंपनी सोडून बाहेर पडले आणि त्यांनी फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर ही इलेक्ट्रॉनिक्सची कंपनी काढली. त्यांनाही ‘गद्दार आठ’ असंच नाव पडलं. त्यांतल्याच नॉइस आणि मूर यांनी १९६८ मध्ये इंटेल सुरू केली. अशा धंद्याला तारण नसतं, मागचा हिशेब नसतो. बुडाले तर बुडाले, पण वाढला तर अफाट वाढेल, अशा हिशेबाने कुणीतरी भागीदारीत पैसे लावतो. नुसत्या नव्या दुकानापेक्षा ही गोष्ट वेगळी, आणि तिला वेगळा शब्द हवाच होता.

आपल्या सरकारने २०१६ मध्ये ‘स्टार्टअप इंडिया’ योजना आणताना हाच भेद ठेवला. धंद्याचं वय जास्तीत जास्त किती, ही अट आधी पाच वर्षं, मग सात, २०१९ मध्ये दहा. पण वय बसलं म्हणजे झालं, असं नाही. काहीतरी नवं किंवा सुधारलेलं हवं, नाहीतर मोठ्या प्रमाणावर वाढू शकेल अशी रचना हवी. जुनीच कंपनी फोडून नवी केली तर चालत नाही. एकट्याच्या मालकीचा धंदाही त्यात बसत नाही.

ताईंना मी परत फोन केला. माझं चुकलं, हे स्टार्टअप नाही, म्हणालो. त्या हिरमुसल्या. मला वाईट वाटलं, कारण पहाटे उठून दुसऱ्यांच्या घरची वर्षाची चटणी कांडून देणं हा पक्का, पैसे देणारा धंदा आहे. मग म्हणालो, तुमची ‘उद्यम’ नोंदणी करू, म्हणजे लहान धंद्यांची सरकारी नोंदणी. त्या शब्दातला ‘उद्’ म्हणजेही वर.

परवा त्या आधार कार्ड घेऊन आल्या. नोंदणीला एक रुपयाही लागला नाही.