पाठ फिरवून बसलेली मुलगी

मी दीड ते तीन वर्षांच्या मुलांसाठी गाण्यातून गोष्ट सांगायचे शो करते. स्टेज वगैरे काही नसतं, खाली चटया, मुलं आईबाबांना चिकटून गोल बसलेली आणि गोष्टीत पाऊस आला की सगळ्यांनी खुळखुळे वाजवायचे. लाइट पूर्ण बंद करत नाही कधीच, काळोख झाला की रडारड सुरू होते.

परवा एक दोन वर्षांची मुलगी आली होती बाबांसोबत. मी डफावर पहिली थाप मारली, तशी हळूच होती, तरी ती दचकली आणि बाबांच्या कुशीत तोंड खुपसून जी बसली ती बसलीच. पाठ माझ्याकडे. बाकीची पोरं उड्या मारतायत आणि बाबा बिचारे "अगं बघ ना, टाळ्या वाजव ना" करत तिचे हात धरून टाळ्या वाजवून घ्यायला लागले. मला राहवलं नाही, गाता गाताच मानेने नको म्हटलं. या वयात ठेका ऐकून अंग हलतं पण तालाला नीट जुळत नाही, शिवाय मुलांची स्वतःची लय आपल्यापेक्षा जलद असते, मग आपण हात धरून हलवले की तिची लयच मोडते ना. मी डफ बाजूला ठेवला आणि एक खुळखुळा तिच्या पायाशी सरकवला, हातात नाही दिला.

गोष्टीतला बेडूक घर शोधत फिरतो आणि प्रत्येक घरापाशी तेच म्हणतो, 'इथे नाही, तिथे नाही, मग कुठे?' चौथ्या घरापाशी मी 'मग'वर मुद्दाम थांबते. दोन-तीन सेकंदच, पण मोठ्यांना तेवढंही धरवत नाही, कोणीतरी पटकन सांगून मोकळं होतंच. त्या दिवशी कसं कोण जाणे, सगळे गप्प राहिले. आणि बाबांच्या शर्टात दाबलेल्या तोंडातून आवाज आला, "कुते?"

पाठ अजून माझ्याकडेच. पण एका हातात खुळखुळा, लाळेने ओला चिंब, कधी उचलला काय माहीत, आणि तो भराभर हलतोय. मी उरलेलं सगळं गाणं त्या हाताच्या स्पीडने घेतलं.

शेवटी खुळखुळे झोपवायचं गाणं असतं. तिने तिचा स्वतः टोपलीत ठेवला आणि किती तरी वेळ आत वाकून बघत राहिली.